घोट्यावरची सुई आणि मूत्राशयाची घाई

इडलीचे तांदूळ मोजायचा अर्ध्या लिटरचा प्लॅस्टिकचा मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत तीन दिवस आमच्या बाथरूमच्या खिडकीत होता आणि त्याच्या शेजारी एक शाळकरी वही व दोऱ्याने बांधलेले पेन होते. दर वेळी लघवी झाली की तिचे माप, वेळ, आधी आलेली कळ किती जोराची होती आणि वाटेत कपडे ओले झाले का, असे चार रकाने भरायचे, शिवाय दिवसभरात चहा, पाणी, ताक जे काही पोटात जाईल तेही लिहायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ह्या नोंदवहीला ते ब्लॅडर डायरी म्हणतात. छत्तीस वर्षे बँकेत खतावण्या लिहिलेल्या बाईला रकाने भरण्याचे काही वाटायला नको; पण पहिल्या दिवसाची बेरीज केली आणि मी गप्पच झाले. दिवसा चौदा वेळा, रात्री चार वेळा, आणि मापे कुठे ७० मिली, कुठे ९०, कुठे ६०. आमच्या घरातल्या फुलपात्रात दीडशे मिली पाणी मावते. म्हणजे अर्धे फुलपात्र भरते न भरते तोच माझे मूत्राशय मला उठवत होते, आणि निरोगी माणसाच्या मूत्राशयात तीनशे-चारशे मिली सहज राहते, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

ह्या तक्रारीला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर असे नाव आहे. तिच्यात वारंवार जावे लागणे असतेच, पण मुख्य लक्षण म्हणजे अचानक येणारी, मागे न ढकलता येणारी कळ. मूत्राशयाची भिंत स्नायूंची असते. ते भरत असताना ह्या स्नायूने सैल राहायचे आणि आपण बसलो की मगच आकसायचे, ही त्याची रीत. ती बिघडली की भरण्याच्या काळातच तो आकसू लागतो, किंवा मूत्राशयाकडून मेंदूकडे ‘भरले, भरले’ असे निरोप अवेळी जाऊ लागतात. काही जणींना कळ येते पण गळत नाही. माझे मात्र गळत असे. पाचपाखाडीतले आमचे घर चौथ्या मजल्यावर आहे. रस्त्यावर, रिक्षात, जिन्यात सगळे ठीक असे, पण लिफ्टमधून बाहेर पडून सेफ्टी डोअरच्या कुलपात किल्ली घातली की त्याच क्षणी कळ येई आणि आतल्या दाराची दुसरी किल्ली फिरेपर्यंत पातळ ओले झालेले असे. नळाचे पाणी वाहू लागले, भांडी घासायला घेतली, तरी तेच. डॉक्टरांना मी हे ओशाळून सांगितले, तर त्यांनी मान डोलावली आणि किल्लीची ही गोष्ट आपण जवळजवळ रोज ऐकतो असे म्हणाल्या.

त्यांच्यापर्यंत पोहोचायला मला पाच वर्षे लागली होती. मधल्या काळात काय केले ते लिहिते, कारण माझ्या वयाच्या बहुतेक बायका तेच करतात. पाणी कमी केले, गडद रंगाचीच पातळे नेसू लागले, आणि मुलीकडे खारघरला जायचे टाळू लागले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने हा प्रवास पाऊण तासाचा, आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. उतरल्यावर मिळेल त्या ठिकाणी जाण्याची तर इच्छाच होत नाही. बायकांना स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी म्हणून मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवावी लागली, ह्यात सगळे आले. पाणी कमी पिण्याचा तर उलट परिणाम झाला, कारण घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला अधिक चुरचुरते, आणि बद्धकोष्ठाने त्यात भर घातली. आमच्या नेहमीच्या दवाखान्यात तीनदा सांगून पाहिले, तीनही वेळा लघवीचे कल्चर, म्हणजे तिच्यात जंतू आहेत का ही तपासणी, न करताच अँटिबायोटिकचा कोर्स मिळाला आणि चौथ्यांदा ‘आजी, वय झाले की हे चालायचेच’ असे उत्तर मिळाले. वयाबरोबर ह्या तक्रारीचे प्रमाण वाढते, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते, हे सगळे खरे आहे. पण गुडघे आणि मोतीबिंदूही वयानेच होतात, त्यांना कोणी चालायचेच म्हणत नाही.

एका रात्री दोन वाजता अंधारात धावताना मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळला आणि मनगटाला मुका मार बसला. त्यानंतर सुनेने माझे काही एक न ऐकता युरोगायनॅकॉलॉजिस्टची, म्हणजे बायकांच्या मूत्राशयाच्या तक्रारी पाहणाऱ्या डॉक्टरांची, वेळ घेतली. ‘आई, हाड मोडले असते तर तेव्हाही लाजला असता का?’ ह्या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तपासण्या साध्याच होत्या. लघवीची तपासणी व कल्चर, रक्तातली साखर, आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे पाहण्यासाठी सोनोग्राफी. खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना गळते का, हे त्यांनी खोदून विचारले, कारण तो प्रकार वेगळा असतो, त्यात ओटीपोटाखालचा आधार सैल झालेला असतो आणि मी पुढे जे सांगणार आहे त्या उपचाराचा त्याला उपयोग होत नाही. माझे तसे नव्हते. मग दुपारचा आणि रात्रीचा चहा बंद झाला, रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळऐवजी सकाळी आली, आणि कळ आली की न पळता जागच्या जागी उभे राहून ओटीपोटाखालचे स्नायू पाच-सहा वेळा आवळायचे, लाट ओसरली की मग सावकाश चालत जायचे, हा सराव सुरू झाला. धावले की मूत्राशय अधिकच चेकाळते, असे तिथल्या तरुण फिजिओथेरपिस्टने सांगितले. ह्या सगळ्याने रात्रीचे उठणे चारावरून तीनवर आले. कुलपाची कळ मात्र जिथल्या तिथे राहिली.

पुढची पायरी गोळ्यांची. मूत्राशयाचा स्नायू शांत करणाऱ्या जुन्या वर्गातली एक गोळी मला दोन महिने दिली गेली आणि कळ बरीच कमी झाली हे मला मान्य केले पाहिजे, पण तोंड इतके कोरडे पडू लागले की विष्णुसहस्रनाम म्हणताना जीभ टाळूला चिकटे, आणि शौचाचा त्रास दुप्पट झाला. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही ह्या वर्गातली नावे आहेत. ती ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचे काम अडवतात, आणि ते रसायन मेंदूतही लागते. ह्या प्रकारची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळल्याचे मोठ्या पाहणीतून दिसले आहे. पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण म्हाताऱ्या माणसांना ती जपून द्यावीत यावर डॉक्टरांचे एकमत आहे. माझ्या आईला शेवटची सहा वर्षे आम्हा कोणाची ओळख उरली नव्हती. मी गोळी बंद करा म्हणाले. मिराबेग्रॉन ही वेगळ्या जातीची गोळी तोंड कोरडे करत नाही, परंतु तिने रक्तदाब वाढू शकतो आणि माझा रक्तदाब त्या महिन्यांत आवरत नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी घोट्याच्या नसेला करंट देण्याचा विषय काढला.

मला आधी चेष्टाच वाटली. मूत्राशय कुठे आणि घोटा कुठे! पण त्यांनी कागदावर पाठीचा कणा काढला आणि त्यातून निघणाऱ्या नसांची मुळे दाखवली. पायाच्या पोटरीमागून घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात उतरणारी टिबिअल नस कण्याच्या ज्या मुळांतून येते, त्यांतली काही मुळे, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतली दुसरी आणि तिसरी, मूत्राशयाला जाणाऱ्या नसांचीही मुळे आहेत. एकाच चाळीत दोन बिऱ्हाडे असावीत तशी ही गोष्ट: खालच्या बिऱ्हाडाचे दार वाजवले की वरच्यालाही ऐकू जाते. ठरावीक लयीत घोट्याजवळ करंट दिला की तो नसेतून वर कण्यापर्यंत जातो आणि मूत्राशयाच्या अवेळी आकसण्याला लगाम बसतो. हे नेमके कसे घडते, कण्यात किती आणि मेंदूत किती, ह्याचा उलगडा शास्त्रज्ञांना अजून पुरता झालेला नाही. गंमत अशी की सुई टोचण्याची ही जागा चिनी ॲक्युपंक्चरमधल्या एका जुन्या बिंदूच्या अगदी जवळ येते. १९८३ मध्ये एडवर्ड मॅग्वायर ह्या अमेरिकन यूरोलॉजिस्टने कातडीवरून ह्या नसेला करंट देऊन मूत्राशयावर होणारा परिणाम नोंदवला होता, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्शल स्टोलर यांनी सुईची पद्धत बसवली.

जूनच्या पहिल्या गुरुवारी सुरुवात झाली. आठवड्याला एक, अशी बारा सिटिंग. त्याआधी निकाल मागायचा नाही, हे आधीच बजावले गेले होते. खोलीत एक आरामखुर्ची, पाय ठेवायला स्टूल, आणि टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडी मोठी पेटी. ती फिजिओथेरपिस्ट मुलगी घोट्याच्या आतल्या हाडाच्या वरच्या बाजूला आपली तीन बोटे आडवी ठेवी, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर, आणि नडगीच्या हाडाच्या किंचित मागे स्पिरिटचा बोळा फिरवी. सुई केसासारखी बारीक. एका छोट्या नळीतून ती टिचकीने आत जाते. मुंगी चावल्याइतके कळते, मग काहीच नाही. टाचेजवळ तळपायाच्या आतल्या बाजूला एक चिकट पॅड लावतात, सुईला एक चिमटीसारखी क्लिप जोडतात आणि करंट हळूहळू वाढवत नेतात.

‘काकू, अंगठ्याकडे बघा हं,’ ती म्हणाली. मी पाहत होते. तळव्यात आधी झिणझिण्या आल्या, मग मी काही न करता माझ्या पायाचा अंगठा आपोआप खाली वळला, जणू कोणी दोरी ओढली. सगळी खूण त्या अंगठ्यात असते. अंगठा वळला किंवा बोटे फाकली किंवा झिणझिण्या तळव्यात पसरल्या, तर सुई नसेजवळ आहे. झिणझिण्या फक्त सुईभोवतीच राहिल्या तर सुई काढून पुन्हा लावायची. माझी तिसऱ्या गुरुवारी दोनदा लावावी लागली, कारण पावसाळ्यात माझे पाय सुजतात. खूण मिळाली की करंट सोसवेल इतका ठेवून अर्धा तास बसायचे. पेटीवर करंट अर्ध्या ते नऊ मिलिॲम्पिअरच्या मध्ये असतो, सेकंदाला वीस ठोके. माझा आकडा चार-पाचच्या आसपास असे. त्या अर्ध्या तासात मी मोजे विणले. बाहेर धो धो पाऊस पडत असे आणि पन्हाळीच्या आवाजाने मला आणखी कळ येई, त्यावर ती मुलगी आणि मी दोघीही हसत असू.

पहिले पाच गुरुवार काहीही झाले नाही. सहाव्यानंतर मी सोडून देण्याच्या बेतात होते. रिक्षाचे भाडे, उपचाराची फी, आणि घरी आल्यावर तेच कुलूप. उपचारासाठी पुन्हा सुरू केलेली वही पाहिली म्हणून सोडले नाही. मला जाणवले नव्हते, पण ७० आणि ६० च्या ओळीत आता मधूनच १३०, १४० असे आकडे येऊ लागले होते. आठव्या आठवड्यात एका रात्री मी दोनदाच उठले. आणि दहाव्या आठवड्यात कळ आली, मी वहिनींशी फोनवर बोलत होते, वाक्य पुरे केले, ‘ठेवते हं’ म्हणाले, आणि मग गेले. कोरडी. ह्या उपचाराने मला काय दिले असे कोणी विचारले तर मी अवधी असे म्हणेन: कळ आणि गळणे ह्यांच्या मध्ये पूर्वी दहा-पंधरा सेकंद होते, आता तीन-चार मिनिटे असतात. कळ येतेच. बारा गुरुवारांनंतरच्या वहीत दिवसाला नऊ, रात्री दोन, आणि आठवड्यात एखाद्या वेळी ओले, असा हिशेब आहे. तीन दिवसांच्या मापांची सरासरी १६० च्या वर गेली. बरे झाले हा शब्द मी वापरत नाही.

ह्यात मनाचे खेळ किती, ही शंका मलाही होती, कारण कोणी आठवड्याला अर्धा तास आपले पाय हातात घेऊन प्रेमाने विचारपूस केली तर निम्मे दुखणे तसेच पळते. त्यावर डॉक्टरांनी २०१० मधल्या एका अमेरिकन चाचणीचा दाखला दिला. तिच्यात २२० रुग्ण होते. निम्म्यांना खरी सुई व करंट, निम्म्यांना हुबेहूब तसेच भासणारे पण नसेला न लागणारे सोंग. बारा आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात ५४.५ टक्क्यांना आणि सोंगाच्या गटात २०.९ टक्क्यांना मध्यम किंवा चांगला फरक वाटला. मी हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचते: दर पाचांतल्या एकीला सोंगानेही बरे वाटले, आणि खऱ्या उपचारानेही जवळपास निम्म्या जणींना पुरेसा फरक पडला नाही. २००९ च्या दुसऱ्या एका चाचणीत १०० जणांत सुईची तुलना टोल्टेरोडिनच्या गोळीशी केली होती, आणि लघवीच्या खेपा दोन्हींनी साधारण सारख्याच कमी झाल्या. माझ्यासारख्या गोळी न सोसणाऱ्या बाईला एवढे पुरे होते.

सुईऐवजी दोन चिकट पॅड लावून टेन्स नावाच्या, कातडीवरून करंट देणाऱ्या लहान मशीनने घरच्या घरी हेच करता येते, आणि त्यात टोचणे नसल्याने अनेक जणी ते पसंत करतात. पण तिथेही अंगठ्याची खूण आधी कोणा जाणकाराकडून शिकून घ्यावी, नाहीतर अर्धा तास नुसते कातडीलाच करंट बसतो. शिवाय ब्रिटनमधल्या वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, सरासरी ८५ वर्षांच्या चारशेहून अधिक लोकांवर पॅडच्या ह्या पद्धतीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, आणि सोंगापेक्षा तिचा काहीच जास्त उपयोग दिसला नाही. ज्यांना बाथरूमपर्यंत नेण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो त्यांना अवधी वाढवून फारसे काय मिळणार, असा मी त्याचा अर्थ लावते. डॉक्टरांनी ‘असू शकेल’ एवढेच म्हटले. आपल्याकडे ऐंशीच्या पुढच्या आईसाठी मशीन विकत घेणाऱ्या मुलांनी हे जाणून असावे.

तळ्याकाठी सकाळी आम्ही सहा-सात जणी फिरतो. हा विषय मी काढल्यावर मासुंदा तळ्याची एक फेरी पुरी होण्याआधी त्यांतल्या चौघींनी ‘अगं, मलाही’ म्हटले. त्यांच्यातल्या एकीला पेसमेकर आहे, म्हणून तिला हा उपचार नाकारला गेला. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी सुईबद्दल आधी विचारले पाहिजे, आणि मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची संवेदना गेली आहे त्यांची नसच दुबळी झालेली असू शकते. दुसरीला त्रिकास्थीजवळ यंत्र बसवण्याचे सुचवले आहे. त्यात तिसऱ्या मुळापाशी एक बारीक तार सरकवतात, आधी एक-दोन आठवडे बाहेरच्या पेटीवर परीक्षा घेतात, आणि लक्षणे निदान निम्म्याने घटली तरच कमरेच्या मागे कातडीखाली बॅटरीचे यंत्र बसवतात. अमेरिकेत त्याला १९९७ पासून मान्यता आहे. ते घोट्याच्या सुईपेक्षा जोरकस आहे आणि अर्थातच शस्त्रक्रिया आहे, खर्चही तसाच. मूत्राशयात बोटॉक्सची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, १०० युनिट टोचण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्याचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो आणि काही जणींना लघवी अडकून काही काळ स्वतःच नळी घालावी लागते, हे ऐकून ती मैत्रीण मागे सरली. घोट्यातच कातडीखाली बसवायचे नाण्याएवढे यंत्रही २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आहे.

बारा गुरुवार संपले की उपचार संपत नाही, ही गोष्ट मला कोणीतरी सुरुवातीलाच अधिक ठासून सांगायला हवी होती. नस विसरते. महिन्याला साधारण एक सिटिंग चालू ठेवावे लागते, आणि किती दिवसांचे अंतर चालते हे ज्याचे त्याने वही पाहून ठरवायचे. मी दर चौथ्या गुरुवारी जाते. यंदा गौरी-गणपतीला मुलगी, जावई, नातवंडे सगळी आमच्याकडे होती, पुरण, फुलोरा, हळदीकुंकू ह्यांत ऑगस्टचा गुरुवार गेला आणि सप्टेंबरचाही मी पुढे ढकलला. सातव्या आठवड्यात बाजारातून परतताना दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. सेफ्टी डोअरच्या कुलपात किल्ली घातली आणि कळ आली. मी पिशव्या खाली ठेवल्या, उभी राहिले, स्नायू पाच वेळा आवळले. आतली किल्ली फिरली, पण मोरीपर्यंत पोहोचले नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून पुढच्या गुरुवारची वेळ घेतली, आणि आता त्या फिजिओथेरपिस्ट मुलीच्या सांगण्यावरून पुढचे तीन महिने दर तिसऱ्या आठवड्याला जायचे आहे.